शाळेच्या रजिस्टरातली तारीख आणि उमराहचा पासपोर्ट

परदेश प्रवासाची तयारी आपल्या घरांत एका ठरावीक क्रमाने होते. आधी पैशांची जुळवाजुळव, मग बॅगा, मग एहराम, चपला, औषधे, खाण्याचे डबे. जाणारी मंडळी नातेवाईक आणि शेजाऱ्यांकडे जाऊन 'कहा-सुना माफ' म्हणून येतात. कुणी दुआंची चिठ्ठी देतो, कुणी जेवायला बोलावतो. कागदपत्रे मात्र एका प्लास्टिकच्या पिशवीत पडलेली असतात. विचारले की उत्तर ठरलेले, "ते सगळं एजंट बघतो."

आणि मग निघायला आठ-दहा दिवस उरले की फोन येतो. पासपोर्टची मुदत कमी आहे, नाव जुळत नाही, जन्मतारीख वेगळी दिसते. घरातला आनंद एका मिनिटात काळजीत बदलतो. कुणी एजंटला दोष देतो, कुणी नशिबाला. कुणीतरी लगेच एखाद्या 'ओळखीच्या माणसाचा' नंबर काढतो.

वाचक बंधू-भगिनींनो, आम्ही शिक्षक आहोत आणि ट्रॅव्हल एजंटचे काम आम्हाला येत नाही. तरीही हा विषय या महिन्यात घेतला, कारण ही 'ऐनवेळची' अडचण बहुतेक वेळा फार जुनी असते. ती वीस, कधी पन्नास वर्षांपूर्वी कुणीतरी घाईत लिहिलेल्या एका नावात किंवा तारखेत असते. ती कुठे तयार होते हे आम्ही शाळेत दर जूनमध्ये डोळ्यांसमोर पाहतो.

कुडव्यातील एक घर

आमच्या कुडव्यातील एका घराची गोष्ट सांगतो. नावे सांगत नाही, त्यांची गरजही नाही. चाचा राईस मिलमध्ये मिस्त्री होते. खालाने सारे आयुष्य बिड्या वळल्या आणि त्यातून बीसीत पैसे टाकून बाजूला ठेवले. दोघांनी बऱ्याच वर्षांपूर्वी हजसाठी अर्ज करायचा म्हणून पासपोर्ट काढले होते. सोडतीत नाव लागले नाही आणि पासपोर्ट कपाटात गेले. मुले कमावती झाल्यावर उमराहचा बेत ठरला. गटाबरोबर जायचे, गोंदियाहून विदर्भ एक्स्प्रेसने मुंबई आणि तिथून जेद्दा.

विमानाला बारा दिवस उरले असताना एजंटचा फोन आला. खालाच्या पासपोर्टला चारच महिने उरले होते आणि तिचा व्हिसा होत नव्हता. सौदी अरेबियाच्या व्हिसासाठी पासपोर्टची किमान सहा महिन्यांची मुदत शिल्लक लागते. झेरॉक्स तीन महिन्यांपासून एजंटकडे होत्या. शेवटच्या पानाकडे कुणी पाहिले नव्हते. चाचांचा पासपोर्ट खालाच्या नंतर वर्षभराने निघाला होता, म्हणून त्यांचा व्हिसा आला होता.

मुलगा संध्याकाळी आमच्याकडे आला. "सर, एक माणूस आहे. पंधरा हजार मागतो. म्हणतो, तीन दिवसांत हातात देतो, आईला न्यायचीही गरज नाही." आम्ही त्याला बसवले, पाणी दिले आणि पासपोर्टच्या सरकारी संकेतस्थळावर पुनर्जारीचा अर्ज 'तत्काल'मध्ये भरला. छत्तीस पानी पासपोर्टचे नेहमीचे शुल्क १,५०० रुपये, तत्कालचे २,००० रुपये जास्त. एकूण ३,५००. ज्याचा चेहरा आणि बोटांचे ठसे घ्यायचे आहेत त्याला न नेता पासपोर्ट कुणीही आणून देऊ शकत नाही, एवढे त्याला समजले तेव्हा तो नंबर त्याने स्वतःच खोडला.

दोन दिवसांनी वेळ मिळाली. पहाटेच्या गाडीने मायलेक पासपोर्ट केंद्रावर पोहोचले. खालाच्या जुन्या पासपोर्टवर जन्मतारीख १ जून होती, आधार कार्डवर १ जानेवारी. वर्ष एकच. काउंटरवरच्या अधिकाऱ्याने नरमाईने विचारले, "आजी, तुमचा जन्म जानेवारीतला की जूनमधला?" खाला म्हणाली, "बेटा, माझी अम्मी सांगायची, धानाची कापणी चालू होती तेव्हा तू झालीस."

आपल्या भागात धान कापतात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. म्हणजे दोन्ही कागदांवरच्या दोन्ही तारखा खऱ्या नव्हत्या!

फाइल बाजूला ठेवली गेली. आधी आधारवरची तारीख पासपोर्टप्रमाणे करून आणा, मग पुढे जाऊ, असे सांगण्यात आले. ते नियमाला धरूनच होते. जुना पासपोर्ट अजून मुदतीत असल्याने तोच पुरावा म्हणून आधार केंद्रावर चालला. पण दुरुस्ती होऊन यायला दिवस लागतात आणि हातातले दिवस संपत चालले होते.

एजंट म्हणाला, "चाचांचा व्हिसा आलाय, त्यांना तरी जाऊ द्या. तिकीट वाया जाईल." घरात एक रात्र चर्चा झाली. खाला स्वतः म्हणाली, "तुम्ही जा." चाचांनी ऐकले नाही. म्हणाले, "चाळीस वर्षे बिड्या तिने वळल्या. तिच्या पैशाच्या तिकिटावर मी एकटा कसा बसू?" तिकिटाचे बरेच पैसे बुडाले. आधार दुरुस्त झाले, पासपोर्ट स्पीड पोस्टाने घरी आला, नव्या पासपोर्टच्या क्रमांकावर व्हिसाचा अर्ज पुन्हा गेला आणि अल्हमदुलिल्लाह, पुढच्या गटाबरोबर दोघे मिळून गेले. पण बुडालेले पैसे बीसीचे होते आणि ते परत यायचे नव्हते.

एक जूनला जन्मलेली पिढी

शाळेचे जुने दाखल-खारिज रजिस्टर कधी पाहायला मिळाले तर पाहा. पानेच्या पाने अशी सापडतात की निम्म्या मुलांचा जन्म १ जून किंवा १ जुलैचा. एवढी मुले एकाच दिवशी कशी जन्मली? जन्मली नाहीत. घरी जन्माची नोंद नसे. बाप किंवा चाचा मुलाचा हात धरून शाळेत आणत, गुरुजी मुलाकडे पाहून वयाचा अंदाज बांधत आणि पहिलीत बसेल अशी तारीख लिहीत. त्या काळात तो एक उपकारच होता, कारण तारखेसाठी कुणाची शाळा अडली नाही.

आधार कार्डे निघाली तेव्हा तसेच झाले. ज्यांच्याकडे पुरावा नव्हता त्यांचे फक्त वर्ष विचारले गेले आणि पुढे ठिकठिकाणी १ जानेवारी छापून आली. म्हणून आज एकाच आजीचे दोन-तीन वाढदिवस असतात. शाळेच्या दाखल्यावर जून, आधारवर जानेवारी, मतदार ओळखपत्रावर नुसते वय.

हा फरक घरात कुणाला बोचत नाही. रेशन मिळते, बँकेत पैसे निघतात, मतदान होते. तो बोचतो पासपोर्टच्या खिडकीवर, कारण तिथे सारे कागद पहिल्यांदाच एकमेकांशेजारी ठेवून वाचले जातात.

एक गोष्ट लक्षात असू द्या. आधार हा ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा पक्का पुरावा नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपघात भरपाईच्या एका प्रकरणात आधारवरील तारखेऐवजी शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील तारीख मान्य केली. म्हणून शाळेचा जुना दाखला रद्दीत जाऊ देऊ नका. चौथी पास आजीचा पिवळा पडलेला दाखलासुद्धा मोलाचा आहे. आणि आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते. तेव्हा ती बदलताना कोणता कागद प्रमाण मानायचा, हे घरात बसून ठरवा आणि मगच केंद्रावर जा.

पूर्वी हे प्रश्न का नव्हते?

बुजुर्ग म्हणतात, "आमच्या वेळी असे काही नव्हते, आमचे अब्बा जहाजाने हजला गेले." खरे आहे. मुंबईहून हाजींची जहाजे १९९५ पर्यंत जात होती. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हज कमिटीमार्फत जाणाऱ्यांना बरीच वर्षे साधा आंतरराष्ट्रीय पासपोर्ट लागतच नव्हता. त्यांना 'पिलग्रिम पास' मिळे. हजपुरता तो चाले, परत आल्यावर त्याचे काम संपे. सौदी सरकारने आंतरराष्ट्रीय पासपोर्टचा आग्रह धरल्यानंतर २००९ च्या हजपासून तो पास बंद झाला आणि प्रत्येक हाजीला पासपोर्ट अनिवार्य झाला.

म्हणजे आपल्या कितीतरी घरांत पहिला पासपोर्ट आला तो हजच्या निमित्ताने आणि तोही गेल्या पंधरा-सोळा वर्षांत. पासपोर्टची सवय अजून आपल्या घरांना लागलेली नाही. निकाहनामा जपून ठेवायची सवय आहे, जमिनीचा सातबारा जपायची आहे. पासपोर्ट मात्र आपण एकदा काढतो आणि विसरतो. मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षे चालतो. मुलांचा पाच वर्षे किंवा अठरा पूर्ण होईपर्यंत, जे आधी येईल ते. त्यातले शेवटचे सहा महिने बऱ्याच देशांसाठी उपयोगाचे नसतात. म्हणजे दहा वर्षांचा पासपोर्ट कामाचा साडेनऊ वर्षेच, असे धरून चाला. मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून पुनर्जारीचा अर्ज करता येतो. ती संधी बहुतेक घरे घेत नाहीत.

घरात उर्दू, शाळेत मराठी, कागदावर इंग्रजी

तारखेनंतर नाव. गोंदिया हा मध्य प्रदेश आणि छत्तीसगडला लागून असलेला जिल्हा. आपल्या घरात उर्दू-हिंदी बोलतात, शाळेच्या रजिस्टरात नाव मराठीत लिहिले जाते आणि पासपोर्टवर ते इंग्रजीत उमटते. एका नावाचा हा तीन लिप्यांचा प्रवास आहे आणि दर टप्प्यावर काहीतरी सांडते.

'शेख' हेच पाहा. कुणी इंग्रजीत एस-एच-ए-आय-के-एच लिहितो, कुणी एस-एच-ई-आय-के-एच, कुणी नुसते एस-के. 'मोहम्मद' कुठे पूर्ण असते, कुठे 'मो.', कुठे एम-डी. एका घरातल्या चार भावांचे चार प्रकार आम्ही पाहिले आहेत. भगिनींच्या नावात 'बी', 'बानो', 'परवीन', 'बेगम' कधी नावाला जोडून येते, कधी सुटे, कधी गायब. फातिमाबी, फातिमा बी आणि फातिमा शेख ही आपल्यासाठी एकच बाई. संगणकासाठी त्या तिघी आहेत.

शिवाय आपल्या विदर्भात नाव लिहिण्याची जी रीत आहे, 'शेख अमुक शेख तमुक', त्यात आडनाव पुढे आणि दोनदा येते. पासपोर्टच्या अर्जात मात्र दोनच रकाने आहेत: दिलेले नाव आणि आडनाव. भरणारा गोंधळतो. कधी सगळे नाव पहिल्या रकान्यात टाकतो आणि दुसरा रिकामा सोडतो. पासपोर्ट तसाच छापून येतो, कुणाला काही वाटत नाही, आणि नंतर तो नडतो.

कसा नडतो, ते २०२२ मध्ये सर्वांनी पाहिले. त्या वर्षी २१ नोव्हेंबरपासून संयुक्त अरब अमिरातीने नियम लागू केला की ज्याच्या पासपोर्टवर एकच नाव आहे, आडनावाचा किंवा नावाचा रकाना रिकामा आहे, त्याला पर्यटन किंवा भेटीच्या व्हिसावर प्रवेश नाही. भारतातल्या विमान कंपन्यांनी एजंटांना तसे कळवले. पुढे खुलासा झाला की पासपोर्टच्या शेवटच्या पानावर वडिलांचे किंवा घराण्याचे नाव असेल तर ते चालेल. पण मधल्या काळात तिकीट काढून बसलेल्यांचे काय झाले असेल, याचा विचार करा. दुबईत मुलाकडे बाळंतपणाला निघालेली एखादी आई, जिच्या पासपोर्टवर नुसते 'रशीदा' आहे, ती काय करणार? आपल्या आया-बहिणींत एकेरी नावे खूप आहेत, म्हणून हा नियम आपल्या घरांना अधिक लागतो.

नाव दुरुस्त करता येते, पण घाईत नाही. नावात मोठा बदल असेल तर तो अर्ज तत्कालमध्ये बसत नाही. हरवलेल्या पासपोर्टचेही तसेच. नाव बदलायचे तर राज्य शासनाच्या राजपत्रात प्रसिद्धी, मग इतर कागदांवर बदल, मग पासपोर्ट, असा रस्ता आहे आणि त्याला महिने लागतात. म्हणून हे काम तिकिटाच्या आधीचे आहे.

भगिनींसाठी एक सांगणे. निकाहनंतर पासपोर्टवर नाव बदललेच पाहिजे, असे नाही. डिसेंबर २०१६ मध्ये पासपोर्टचे नियम सोपे झाले, तेव्हा विवाहाच्या दाखल्याची अटही गेली. माहेरचे नाव सगळ्या कागदांवर एकसारखे असेल तर तेच राहू द्या. अर्धे कागद माहेरचे आणि अर्धे सासरचे, ही स्थिती सर्वांत वाईट.

ऐनवेळी काय करावे?

आता समजा, एवढे करूनही अडचण आलीच. विमानाला आठ दिवस आहेत. तेव्हा काय?

पहिली गोष्ट, अडचण नेमकी कोणती ते एजंटकडून लेखी घ्या. निदान मोबाइलवर संदेश मागा. 'पासपोर्टमध्ये प्रॉब्लेम आहे' हे उत्तर पुरेसे नाही. मुदत, नाव, तारीख, फोटो, फाटलेले पान, की व्हिसाच्या अर्जात एजंटनेच केलेली टंकनाची चूक? शेवटचा प्रकार असेल तर पासपोर्टला हात लावायची गरजच नाही, व्हिसाचा अर्ज दुरुस्त होतो. पासपोर्ट काढून समोर ठेवा आणि व्हिसाच्या कागदाशी एकेक अक्षर ताडून पाहा. मुलांना शुद्धलेखन तपासायला लावतो तसे.

दुसरी गोष्ट, अर्जाआधी सगळे कागद एकमेकांशी जुळवा. खालाच्या घरात एक पूर्ण दिवस नागपूरच्या गाडीत गेला आणि रिकाम्या हाती परतावे लागले. घरी टेबलावर आधार आणि पासपोर्ट शेजारी ठेवले असते तर पहिला दिवस आधार केंद्रावर गेला असता.

तिसरी, पासपोर्टच्या अर्जात खोटे काही लिहू नका आणि कुणाला लिहू देऊ नका. दलाल म्हणतो, "पत्ता तोच टाका, पोलीस येणार नाही," किंवा "जुना पासपोर्ट हरवला म्हणा, काम लवकर होईल." हरवल्याचे सांगितल्याने काम लवकर होत नाही, उलट ते तत्कालमधून बाहेर जाते. पासपोर्ट कायदा, १९६७ च्या कलम १२ नुसार खोटी माहिती देऊन पासपोर्ट मिळवणे हा गुन्हा आहे आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अल्लाहच्या घरी जायला निघालेल्या माणसाने पहिले पाऊलच खोट्यावर ठेवावे, हे कुणाला रुचेल? नियत नेक असेल तर कागदही नेक असू द्यावा.

चौथी, पासपोर्ट नवा मिळाला म्हणजे काम झाले, असे नाही. क्रमांक बदलतो. जुन्या क्रमांकावर व्हिसा असेल किंवा त्याचा अर्ज गेलेला असेल तर एजंटला त्याच दिवशी नवा क्रमांक कळवा. तिकिटावर पासपोर्टचा क्रमांक नोंदवला असेल तर तोही बदला. जुना पासपोर्ट रद्द होऊन परत मिळतो, तो फेकू नका.

पाचवी, तारीख पुढे ढकलण्याची हिंमत ठेवा. हे आम्ही मुद्दाम लिहितो. ऐनवेळी सगळे घर 'कसेही करून' या दोन शब्दांवर येते आणि फसवणूक तिथेच होते. विमान चुकले तर पैसे जातात. चुकीच्या कागदावर विमानतळापर्यंत गेलो तर पैसेही जातात आणि म्हाताऱ्या माणसाला रात्री मुंबईच्या विमानतळावरून परत फिरावे लागते. चाचांनी एकटे न जाण्याचा जो निर्णय घेतला, त्याला कुणी भावनेचा म्हणेल. आम्हाला तो हिशेबाचाही वाटला. आजारी बायको मागे ठेवून गेलेला माणूस तिथे दुआ करेल की फोन?

पासपोर्ट मिळणे ही कुणाची मेहरबानी नाही, हेही लक्षात ठेवा. १९६७ मध्ये सतवंत सिंग साहनी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशी जाण्याचा हक्क हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला आणि त्यानंतर त्याच वर्षी पासपोर्ट कायदा झाला. म्हणून खिडकीवर घाबरून जायचे कारण नाही. उत्तर येत नसेल तर 'मला माहीत नाही, चौकशी करून सांगतो' म्हणावे. अर्ज अडला तर कोणत्या कारणाने अडला ते विचारून घ्यावे, कागदावर लिहून आणावे.

कमाईला जाणाऱ्या मुलांसाठी

आखाती देशांत कामाला जाणारी आपली मुले बरीच आहेत. त्यांची ऐनवेळची अडचण वेगळी असते. दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर साधारणपणे 'ई-सी-आर' ही नोंद असते. म्हणजे सौदी अरेबिया, अमिरात, कुवेत, कतार, ओमान, बहारीन, मलेशिया अशा ठरलेल्या १८ देशांत नोकरीसाठी जायचे तर सरकारची उत्प्रवास मंजुरी आधी घ्यावी लागते. तो नियम १९८३ च्या उत्प्रवास कायद्याचा आहे आणि अशिक्षित मजुराची फसवणूक होऊ नये म्हणून आहे. उमराह, हज किंवा नुसत्या भेटीला जाताना ही मंजुरी लागत नाही.

फसवे एजंट इथेच हात मारतात. "मंजुरीची भानगड नको, भेटीच्या व्हिसावर जा, तिथे गेल्यावर कामाचा व्हिसा करून देतो." मुलगा तिथे पोहोचतो आणि मग त्याच्या हातात ना करार, ना हक्क. अशा सल्ल्याला बळी पडू नका. आणि आई-वडिलांनो, दहावी हा नुसता निकाल नाही. दहावीचे प्रमाणपत्र असले की पासपोर्टवरची ती नोंद टळते. नववीत शाळा सोडू पाहणाऱ्या मुलाला हे समजावून सांगा. आम्ही वर्गात सांगतो, पण घरातून सांगितलेले जास्त ऐकले जाते.

तिथे गेल्यावर

पासपोर्ट परदेशात हरवला तर काय, हा प्रश्न नेहमी येतो. आधी तिथल्या पोलिसांत नोंद करावी. मग भारतीय दूतावास किंवा वाणिज्य दूतावास गाठावा. सौदीत रियाधला आपला दूतावास आणि जेद्द्याला वाणिज्य दूतावास आहे. तिथे नवा पासपोर्ट किंवा घरी परतण्यापुरते 'आपत्कालीन प्रमाणपत्र' मिळते. हरवलेल्या पासपोर्टचा क्रमांक माहीत असेल तर काम सोपे होते. म्हणून पहिल्या आणि शेवटच्या पानाची एक झेरॉक्स बॅगेत, एक फोटो मोबाइलमध्ये आणि एक प्रत कुडव्याच्या घरी ठेवावी.

हजला जाणाऱ्यांनी लसीच्या प्रमाणपत्राकडेही लक्ष द्यावे. मेंदुज्वराची लस पोहोचण्याच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली असावी लागते. आदल्या दिवशी दवाखान्यात धाव घेऊन हे काम होत नाही.

या महिन्याचे काम

या स्तंभात आम्ही शेवटी घरासाठी एक काम देतो. या महिन्याचे काम असे. एखाद्या रविवारी, दुपारच्या जेवणानंतर, घरातली कागदांची पेटी खाली काढा. सर्वांना बसवा, मुलांनाही. एक वही घ्या. प्रत्येकाच्या नावाचे एक पान करा आणि त्यावर चार ओळी लिहा: आधारवर नाव कसे आहे, शाळेच्या दाखल्यावर कसे, पॅन किंवा मतदार कार्डावर कसे, पासपोर्टवर कसे. इंग्रजी अक्षरे एकेक करून. त्याखाली प्रत्येक कागदावरची जन्मतारीख. त्याखाली पासपोर्ट संपण्याची तारीख, आणि तिच्यातून एक वर्ष वजा करून येणारी तारीख लाल शाईने. ती लाल तारीख म्हणजे अर्ज करण्याचा दिवस. हे काम आठवी-नववीतल्या मुलीकडे सोपवा. ती घरातल्या सर्वांपेक्षा नीट करील.

जिथे फरक दिसेल तिथे खूण करा. लहान मुलांचा फरक आत्ताच दुरुस्त करा. मूल शाळेत असेपर्यंत मुख्याध्यापकांकडे अर्ज करून नाव किंवा तारीख पुराव्यानिशी दुरुस्त होऊ शकते. शाळा सुटल्यावर तेच काम फार जड जाते. घरात नवे बाळ आले असेल तर २१ दिवसांच्या आत जन्माची नोंद करा आणि दाखल्यावर बाळाचे नावही चढवून घ्या. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी पासपोर्टला जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो, ना आधार ना शाळेचा दाखला. आता कुणा गुरुजींच्या अंदाजाने काम भागणार नाही.

आणि अकीका झाला, नाव ठरले की ते इंग्रजीत कसे लिहायचे, हेही त्याच दिवशी ठरवून त्या वहीत लिहून ठेवा. दादी-नानींनी सुचवलेले सुंदर नाव पुढे पन्नास कागदांवर जायचे आहे. ते सगळीकडे एकाच अक्षरांत गेले, तर हे बाळ मोठे होऊन आपल्या अम्मी-अब्बूंना हजला घेऊन निघेल तेव्हा काउंटरवर त्याला कुणी थांबवणार नाही, इन्शाअल्लाह.